पहिली कॉन्फरन्स टोकियोत: सभागृह, स्टेशन आणि मधले कॅफे

पेपर स्वीकारल्याची मेल आली की आधी आनंद होतो आणि मागोमाग प्रश्नांची रांग लागते. व्हिसा कुठला मागायचा, संशोधन मांडणारं मोठं पोस्टर विमानात कसं न्यायचं, एकही चेहरा ओळखीचा नसताना जेवणाच्या सुट्टीत उभं कुठे राहायचं. त्यात शहर टोकियो असेल तर आणखी एक भर पडते: तिथल्या तऱ्हेवाईक कॅफेंबद्दल इतकं ऐकलेलं असतं की थोड्या दिवसांत काय काय बघायचं याचाच ताण येतो.

माझं म्हणणं असं, की कॅफे ‘वेळ उरला तर’ या खात्यात टाकूच नका. कॉन्फरन्समध्ये दिवसभर माणसं, स्लाइड आणि इंग्रजी यांचा मारा चालू असतो. त्यातून एक शांत तास काढला नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारनंतर समोरचा काय बोलतोय ते कानात शिरत नाही. शिवाय कामाच्या ओळखी भरल्या सभागृहात क्वचितच होतात, त्या दोन-तीन जण एका टेबलाशी बसल्यावर होतात. म्हणून दिवसाला एक कॅफे धरा, आणि तो कशासाठी हे आधी ठरवा. टोकियोत प्रत्येक कामासाठी वेगळा कॅफे आहे. ते पुढे येईलच, आधी कागदपत्रं.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर जपानला व्हिसा लागतो, आणि कॉन्फरन्ससाठी तो अल्पकालीन मुक्कामाच्या कामकाज या गटात मागायचा असतो. ऑनलाइन मिळणारा ई-व्हिसा पर्यटनासाठी आहे, सोपा दिसतो म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका. कामकाजाच्या व्हिसाला जपानमधल्या आयोजकांकडून दोन कागद लागतात: तुम्हाला का बोलावलं आहे हे सांगणारं पत्र आणि मुक्कामाचा दिवसवार तक्ता. तुमचा खर्च ते करणार असतील तर हमीपत्रही लागतं. आयोजक ही पत्रं बहुधा नोंदणी शुल्क भरल्यानंतरच तयार करायला घेतात, त्यामुळे सवलतीच्या मुदतीची वाट बघत बसण्यात फायद्यापेक्षा तोटा जास्त. पासपोर्टवर नाव जसं आहे, अगदी मधल्या नावासकट, तसंच नोंदणीत टाका. कॉन्फरन्सनंतर दोन दिवस शहर बघायचं असेल तर तेही दिवसवार तक्त्यात लिहायला सांगा. त्यात लपवण्यासारखं काही नाही, उलट परतीचं तिकीट आणि तक्ता जुळला की विचारपूस कमी होते.

औषधांकडे नवखे लोक सहसा बघतच नाहीत. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलेली साधी औषधं एक महिना पुरतील इतकीच चालतात, त्याहून जास्त हवी असतील तर ‘युन्यू काकुनिन-शो’ नावाचा आयात दाखला आधी काढावा लागतो. तेव्हा घरातली गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी बॅगेत कोंबू नका. प्रत्येक पाकिटावरचा घटक वाचा.

‘व्हिजिट जपान वेब’ या सरकारी सेवेत माहिती भरून क्यूआर कोड घेतलात तर विमानतळावर कस्टम्सचे फॉर्म हाताने भरत बसावे लागत नाहीत. बोटांचे ठसे आणि फोटो मात्र उतरल्यावर द्यावेच लागतात. आणि पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवायची सवय इथे चालणार नाही. थोड्या दिवसांसाठी आलेल्या परदेशी माणसाने तो कायम जवळ बाळगायचा असा कायदा आहे.

बॅगेत काय

पोस्टरबद्दल आयोजकांची सूचना दोनदा वाचा. ए-शून्य म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, पण उभं की आडवं हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, आणि उभ्या फळ्यावर आडवं पोस्टर लावलं की शेजाऱ्याच्या हद्दीत जातं. कापडावर छापून घ्या. घडी घालून कपड्यांत ठेवता येतं आणि ती लांब नळी केबिनमध्ये चालेल की नाही याची चिंता मिटते.

विजेचा दाब इथे १०० व्होल्ट असतो. प्लगला दोन चपट्या पिना लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या पिनेला जागाच नसते. लॅपटॉपचा तीन पिनांचा प्लग दोन चपट्या पिनांत उतरवणारा अ‍ॅडॅप्टर घ्या. लॅपटॉप आणि फोनचे चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, केसांचं ड्रायर मात्र नेऊ नका.

व्हिजिटिंग कार्डं भरपूर छापून घ्या, विद्यार्थी असलात तरी. जपानमध्ये कार्ड, म्हणजे ‘मेइशी’, दिल्याशिवाय ओळख सुरूच होत नाही. दोन्ही हातांनी, अक्षरं समोरच्याला सुलट दिसतील अशी धरून द्यायचं. मिळालेलं कार्डही दोन्ही हातांनी घ्यायचं, क्षणभर वाचायचं, आणि बसून बोलणार असाल तर टेबलावर समोर ठेवायचं. पॅंटच्या मागच्या खिशात टाकलेलं आणि त्यावर बसलेलं कार्ड लोकांना दिसतं. त्यावर समोरासमोर काही लिहायचंही नाही. लिहायचं संध्याकाळी, कॅफेत.

हॉटेल नकाशावर शोधू नका, रेल्वेच्या लाइनवर शोधा

टोकियोत ‘हॉलपासून दोन किलोमीटर’ याला काही अर्थ नाही. किती वेळा गाडी बदलावी लागते यावर सगळं अवलंबून.

कॉन्फरन्स आरिआकेच्या टोकियो बिग साइटमध्ये असेल (चार उलटे पिरॅमिड खांबांवर उभे केल्यासारखी दिसणारी ती १९९६ सालची इमारत), तर शिंबाशीला राहणं उत्तम. तिथून युरिकामोमे ही बिनड्रायव्हरची गाडी रेनबो ब्रिजवरून थेट बिग साइटच्या दारात नेते. सगळ्यात पुढची सीट रिकामी असेल तर वयाचा विचार न करता पकडा. बिग साइटच्या आसपास मात्र हॉल, समुद्र आणि रुंद रस्ते सोडून फारसं काही नाही, त्यामुळे कॉफीसाठी शिंबाशी-गिंझाकडे परतणं भागच असतं.

युराकुचोचं टोकियो इंटरनॅशनल फोरम वाट्याला आलं तर नशीबवान समजा. राफाएल विन्योली या वास्तुरचनाकाराने बांधलेली ही जहाजाच्या सांगाड्यासारखी काचेची इमारत १९९७ साली खुली झाली, आणि ती भर शहरात आहे. गिंझा चालत, जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं जिंबोचो मेट्रोने दोन स्टेशनं.

तिसरं नेहमीचं ठिकाण माकुहारी मेस्से. ते टोकियोत नाहीच, शेजारच्या चिबा प्रांतात आहे. तिथे केइयो लाइनने जावं लागतं, आणि टोकियो स्टेशनात या लाइनचे फलाट इतर फलाटांपासून इतके दूर आहेत की जमिनीखालून दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. अ‍ॅप ‘गाडी बदला’ एवढंच सांगून मोकळं होतं. पहिल्या सकाळी तरी पदरी जास्तीची पंधरा मिनिटं ठेवा.

विमानतळावरच वेलकम सुईका हे आगाऊ पैसे भरायचं कार्ड घ्या. त्याला अनामत रक्कम नाही, ते २८ दिवस चालतं, आणि रेल्वे, बस, सामानाचे लॉकर, कन्व्हिनियन्स स्टोअर सगळीकडे टेकवता येतं. उरलेले पैसे मात्र परत मिळत नाहीत, तेव्हा थोडे थोडे भरा. हानेदाला उतरलात तर शहर जवळ आहे. नारिता साधारण ६० किलोमीटरवर आहे, तिथून स्कायलायनर ही जलद गाडी निप्पोरी आणि उएनोला नेते. गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात, त्यामुळे रात्री उशिरा नारिताला उतरणारं स्वस्त विमान शेवटी महागात पडतं.

पहिला दिवस सभागृहात

जपानची वेळ भारतापेक्षा साडेतीन तास पुढे. सकाळी नऊचं बीजभाषण म्हणजे तुमच्या शरीराला पहाटेचे साडेपाच. यावर जुन्या कॅफेंतला ‘मॉर्निंग सेट’ हा चांगला उतारा आहे: जाड टोस्ट, उकडलेलं अंडं आणि कॉफी, बहुतेक ठिकाणी कॉफीच्या किमतीत थोडीच भर घालून. हा सकाळी ठरावीक वेळेपर्यंतच मिळतो.

नोंदणीच्या टेबलावर वेळेआधी जा. पहिल्या दिवशी रांगा लागतात आणि बॅजवरची नावाची चूक तेव्हाच दुरुस्त करून घेता येते. कार्यक्रमपत्रिकेतली सगळी सत्रं ऐकायचा हट्ट सोडा. दिवसाला तीन-चार नक्की करा, त्यांतल्या एका वक्त्याला विचारायचा एक प्रश्न आदल्या रात्री लिहून ठेवा.

तुमचं स्वतःचं भाषण असेल तर घंटीची पद्धत आधी समजून घ्या. जपानमधल्या अनेक विद्वत्परिषदांत वेळेसाठी खरीखुरी घंटी वाजवतात. पहिली घंटी म्हणजे आटोपतं घ्या, दुसरी म्हणजे भाषणाची वेळ संपली, तिसरी म्हणजे प्रश्नोत्तरंही संपली. दुसऱ्या घंटीनंतर ‘फक्त एकच स्लाइड’ म्हणत रेटणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो, नको त्या कारणाने.

प्रश्नोत्तरांत खोली गप्प राहिली तर भाषण पडलं असं समजू नका. चारचौघांत प्रश्न विचारणं इथे अनेकांना अवघड वाटतं. तेच लोक नंतर बाहेर येऊन हळूच गाठतात आणि खोलातलं विचारतात. म्हणून भाषण संपल्यावर लगेच पळू नका, दाराशी दहा मिनिटं रेंगाळा.

संध्याकाळचा मेळावा, म्हणजे ‘कोन्शिनकाइ’, चुकवू नका. ग्लास हातात आला तरी सगळे मिळून ‘कानपाइ’ म्हणेपर्यंत तोंडाला लावायचा नाही. दारू पीत नसाल तर ऊलाँग चहाच्या ग्लासाने कानपाइ करा, कोणी काही म्हणत नाही. हे मेळावे वेळेवर सुरू होतात आणि संपवायची घोषणा झाली की पाच मिनिटांत हॉल रिकामा होतो, त्यामुळे ज्याला भेटायचं त्याला आधी गाठा. खाणं नंतर. शाकाहारी असाल तर तसंही पोट बाहेरच भरावं लागेल: निरुपद्रवी दिसणाऱ्या रश्श्यांत आणि सूपमध्येही माशाचा अर्क, ‘दाशी’, असतो. नोंदणीच्या फॉर्ममध्ये खाण्याची अट लिहा आणि वर एक पाकीट बिस्किटं जवळ ठेवा.

कुठल्या कामाला कुठला कॅफे

टोकियोत कॉफीचं वेड जुनं आहे. जपानमधलं पहिलं कॉफीहाउस म्हणून ज्याचं नाव घेतात ते ‘काहिइचाकान’ उएनोजवळ १८८८ साली उघडलं आणि काही वर्षांतच बंद पडलं. नंतर जी जुन्या वळणाची कॅफेंची परंपरा उभी राहिली तिला ‘किस्सातेन’ म्हणतात. मंद दिवे, मखमली खुर्च्या, काउंटरमागे एकच माणूस, त्याला सगळे ‘मास्टर’ म्हणतात. थीम कॅफेंची, म्हणजे एखाद्या कल्पनेभोवती उभारलेल्या कॅफेंची, गर्दी त्यानंतरची. माझ्या मते पहिल्या खेपेला किस्सातेनवर जास्त आणि थीम कॅफेंवर कमी वेळ घालवावा, पण दोन्हींत अशी काही ठिकाणं आहेत जी कॉन्फरन्सवाल्याच्या थेट उपयोगाची आहेत.

डोकं भणभणलं असेल तर शिबुयातलं ‘लायन’. हे १९२६ साली सुरू झालं, युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत जळालं आणि १९५० साली पुन्हा बांधलं. इथे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकायला जातात. सगळ्या खुर्च्या एकाच दिशेला, दोन मजले उंच अजस्र लाकडी स्पीकरकडे तोंड करून मांडलेल्या आहेत. बोलायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, लॅपटॉप उघडून टकटक तर अजिबातच नाही. दिवसभर इंग्रजीत विचार करून थकलेल्या माणसाला यासारखं दुसरं औषध नाही. जागा डोगेनझाकाच्या चढावरच्या एका गल्लीत आहे, आजूबाजूला तासांवर मिळणारी हॉटेलं आहेत. पाट्या बघून बिचकू नका. आणि नव्या ओळखीच्या माणसाला इथे घेऊन जाऊ नका, त्याच्याशी एक शब्दही बोलता येणार नाही.

स्लाइड अर्धवट असतील तर कोएन्जीतला ‘गेन्को शिप्पित्सु कॅफे’, म्हणजे लेखन पुरं करायचा कॅफे. हा एप्रिल २०२२ मध्ये उघडला. आत फक्त ज्याच्या डोक्यावर डेडलाइन आहे त्याला घेतात. दारात सांगायचं की आज किती लिहिणार आणि किती वाजेपर्यंत. पैसे जितका वेळ बसाल तितके. मध्ये मध्ये कर्मचारी येऊन ‘कुठवर आलं?’ विचारतो, आणि किती कडक विचारावं हेही आपणच निवडायचं: सौम्य, मध्यम, कडक. कडक निवडलं की तो नुसता मागे उभा राहतो, आणि बोटं आपोआप चालू लागतात. ठरलेलं काम झाल्याशिवाय निघायचं नाही असा नियम आहे. कोएन्जीला जाताना एक लक्षात ठेवा: शनिवार-रविवारी चुओ लाइनची जलद गाडी तिथे थांबत नाही, पिवळ्या पट्ट्याची सोबू लोकल धरा.

एखाद्याशी खरंच बोलायचं असेल तर जिंबोचो. हा जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा भाग. शंभराहून जास्त दुकानं, त्यामुळे आधी पुस्तकं बघत फिरायचं आणि मग बसायचं, असा दोन अनोळखी माणसांना सोयीचा कार्यक्रम होतो. शिष्टाचारात अडकलेले प्राध्यापकसुद्धा पुस्तकांच्या ढिगाशी मोकळे होतात. इथलं ‘साबोउरु’ १९५५ सालचं. अर्धतळघर, विटांच्या भिंती, आणि त्या विटांवर गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षं लिहिलेली नावं. क्रीम सोडा मागवा. रंग निवडता येतो, वर व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा तरंगतो, आणि पन्नाशीतला संशोधक हिरव्या सोड्यात चमचा घालत असताना त्याला काहीही विचारता येतं. जवळच्याच गल्लीतलं ‘लाद्रिओ’ १९४९ सालचं, व्हिएन्ना कॉफीसाठी प्रसिद्ध. तिथे वर तरंगणाऱ्या साईमुळे कॉफी बराच वेळ गरम राहते, म्हणजे गप्पांना वेळ मिळतो. केचपमध्ये परतलेली ‘नापोलितान’ स्पॅगेटी या भागात बऱ्याच ठिकाणी मिळते, तिच्यात हॅम किंवा सॉसेज असतं. रविवारी जिंबोचोतली बरीचशी दुकानं बंद असतात, आठवड्यातली संध्याकाळ गाठा.

एकट्याने, निवांत, फक्त कॉफीसाठी जायचं तर गिंझाच्या आठव्या भागातलं ‘काफे द लांब्र’. शिंबाशी स्टेशनातून चालत पाच-सात मिनिटं. १९४८ सालचं हे दुकान, आणि इथे ‘फक्त कॉफी’ मिळते हे पाटीवरच लिहिलेलं आहे. केक नाही, सॅंडविच नाही. संस्थापक इचिरो सेकिगुची २०१८ मध्ये वयाच्या १०३ व्या वर्षी गेले. वर्षानुवर्षं साठवून मुरवलेल्या बिया ही त्यांची खासियत होती, आणि अशी जुनी कॉफी इथल्या मेन्यूत असते. काउंटरशीच बसा. फ्लॅनेलच्या कापडी गाळणीत पूड घेतात, बारीक तोंडाच्या किटलीतून पाण्याची धार दोऱ्याइतकी बारीक सोडतात, आणि हलतो तो गाळणी धरलेला हात. कप लहान असतो, कॉफी दाट असते, आणि ती अति गरम नसते. पहिल्यांदा जाणाऱ्यांना ‘कोमट आली’ असं वाटतं. ती तशीच प्यायची आहे, चव लागावी म्हणून. कडक कॉफी नको असेल तर ‘क्वीन अंबर’ घ्या: गोड गार कॉफी, वर दुधाचा पांढरा थर, शॅम्पेनच्या पसरट ग्लासात. ढवळायचं नाही.

आणि आपल्या विषयाबद्दल साध्या भाषेत बोलायचा सराव हवा असेल तर निहोनबाशीतला ‘डॉन’ हा अवतार रोबो कॅफे. जून २०२१ मध्ये ओरी लॅबोरेटरी या कंपनीने तो सुरू केला. टेबलावर पांढऱ्या मुखवट्याचा लहानसा ओरिहिमे रोबो असतो, आणि साधारण १२० सेंटिमीटर उंचीचा मोठा रोबो ट्रे घेऊन येतो. आवाज यंत्राचा नसतो. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे घराबाहेर पडू न शकणारी माणसं घरून हे रोबो चालवतात आणि तुमच्याशी बोलतात. त्यांना ‘पायलट’ म्हणतात. काही पायलट एएलएससारख्या, स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या आजाराने अंथरुणाला खिळलेले आहेत आणि तरी इथे पगारी नोकरी करतात. तुम्ही कुठून आलात, काय काम करता हे ते विचारतात, आणि तिथे स्लाइड नसते. दोन वाक्यांत समजावता आलं तर उद्याच्या पोस्टरपुढेही जमेल. पायलटसोबतच्या टेबलासाठी आगाऊ बुकिंग करा, इंग्रजी बोलणारे कधी असतात तेही तेव्हाच बघून घ्या.

आता ज्यांची नावं सगळे घेतात ते. अकिहाबारातले मेड कॅफे, म्हणजे जिथे मोलकरणीच्या पोशाखातल्या मुली वाढतात ते: तिथला पहिला कायमस्वरूपी ‘क्युअर मेड कॅफे’ २००१ साली सुरू झाला आणि तो बराच शांत आहे. नंतरचे गाण्या-नाचाचे. ‘मालक, घरी परत आलात!’ असं स्वागत होतं, प्रवेशशुल्क वेगळं असतं, वेळेची मर्यादा असते, प्रत्येकाने काहीतरी मागवावंच लागतं, आणि मेडचे फोटो परस्पर काढायचे नाहीत, पैसे भरून एकत्र काढलेला इन्स्टंट फोटो मिळतो. एकदा बघायला हरकत नाही. पण रस्त्यावर कोणी पत्रक हातात देऊन ‘चला’ म्हणत असेल तर त्याच्यामागे जाऊ नका, दारावर दरपत्रक लावलेलं ठिकाण स्वतः निवडा. मांजरांचे कॅफे जपानमध्ये २००४ पासून आहेत, ओसाकातून सुरू झालेले. हात धुवायचे, झोपलेल्या मांजराला हात लावायचा नाही, उचलायचं नाही, फ्लॅश नाही. घुबडांच्या आणि पाणमांजरांच्या कॅफेंना मी जाऊ नका असंच सांगेन. निशाचर पक्ष्याला भरदिवसा पायात दोरी बांधून लोकांपुढे बसवण्यात मौज नाही, आणि आशियाई छोट्या नखांच्या पाणमांजराच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ पासून बंदी आहे, ती या हौसेपायीच झालेल्या तस्करीमुळे.

आत गेल्यावर

दारात थांबा, बोटाने किती जण ते दाखवा, बसवतील तिथे बसा. पाणी आणि हात पुसायला ओला रुमाल आपोआप येतो. माणशी एक तरी गोष्ट मागवायची, दोघांत एक कॉफी हा प्रकार नाही. मेन्यूत ‘ब्लेंड’ म्हणजे दुकानाची नेहमीची कॉफी, ‘अमेरिकन’ म्हणजे तीच हलकी. वेटरला बोलवायला ‘सुमिमासेन’ पुरतं. फोटो काढायचा असेल तर ‘शाशिन दाइजोबु देस का?’ असं विचारा, आणि परवानगी मिळाली तरी कपाचा काढा, शेजारच्या गिऱ्हाइकाचा नको. फोन आला तर उठून बाहेर.

बिल टेबलावर पालथं ठेवलेलं असतं, ते घेऊन दाराजवळच्या गल्ल्यावर जायचं आणि पैसे हातात न देता तिथल्या छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे. टिप नाही. ठेवलीत तर विसरलात समजून मागे धावत येतील. जुन्या किस्सातेनमध्ये एक कप ७०० ते १००० येनला सहज पडतो. बसून प्यायलात तर १० टक्के कर, बांधून नेलं तर ८. साखळी दुकानांत म्हणूनच ‘इथे की पार्सल’ असं आधी विचारतात.

जुन्या ठिकाणी कार्ड चालत नाही असं धरूनच चला. सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएममधून परदेशी कार्डावर येन निघतात. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या आहेत आणि काही जुनी तिकीटयंत्रं त्या घेत नाहीत, तेव्हा हजाराच्या काही नोटा आणि नाणी वेगळी ठेवा. धुराची अ‍ॅलर्जी असेल तर दारावरची पाटी बघा. एप्रिल २०२० पासून रेस्टॉरंट-कॅफेंत आत धूम्रपानाला बंदी आहे, पण काही लहान जुन्या कॅफेंना सवलत मिळालेली आहे आणि तिथे २० वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो.

रोज संध्याकाळी कॅफेत बसल्यावर पहिलं काम: दिवसभरात मिळालेली कार्डं काढा, प्रत्येकावर कोण, कुठे भेटले, काय पाठवायचं कबूल केलं ते लिहा. दुसऱ्या दिवशी दहा ‘तानाका’ आणि ‘सुझुकी’ एकमेकांत मिसळतात. ज्यांना पेपर पाठवायचा शब्द दिला त्यांना तिथूनच दोन ओळींची मेल टाका.

परतीच्या दिवशी

नारिताहून विमान असेल तर शेवटची सकाळ उएनोला काढा. मोठी बॅग स्टेशनातल्या लॉकरमध्ये ठेवा. मोठ्या आकाराचे लॉकर दहानंतर सहसा उरत नाहीत, म्हणून लवकर जा. तिथून चालत ‘कोजो’ गाठा, म्हणजे ‘जुना किल्ला’. १९६३ सालचं हे किस्सातेन जिन्याखाली तळघरात आहे. वर साधी इमारत आणि खाली रंगीत काचेची चित्रं, झुंबरं, संगमरवर. कॉन्फरन्सच्या टिपणांतून वर्षभरात प्रत्यक्ष करायच्या दोन-तीनच गोष्टी निवडून काढायला ही जागा बरी आहे. तिथून केइसेइ उएनो स्टेशनला या आणि स्कायलायनर पकडा. तिचं तिकीट सीट नंबरासकट वेगळं काढावं लागतं, नुसतं सुईका टेकवून चालत नाही.

येनची नाणी जपानबाहेर कोणी बदलून देत नाही, आणि ५०० येनचं नाणं चांगलंच वजनदार रकमेचं आहे. विमानतळावरच्या कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये काहीतरी घ्या, सुईकात असेल तेवढी शिल्लक त्यावर संपवा आणि उरलेली रक्कम नाण्यांत द्या. कॅशिअरला तसं सांगायला फारशी भाषाही लागत नाही: कार्ड दाखवा, मग नाण्यांची मूठ ट्रेमध्ये ओता.